उलटे क्षितिज : ३ फेब्रुवारी १९५९ चा मेसन सिटी विमान अपघात

अमेरिकेच्या आयोवा राज्यातील मेसन सिटी येथील विमानतळ. ३ फेब्रुवारी १९५९, मध्यरात्रीनंतर १२ वाजून ५५ मिनिटे. हलका हिमवर्षाव सुरू असताना एका इंजिनाचे, चार आसनांचे एक विमान दक्षिणेकडे धावत जाऊन हवेत उठले. काही मिनिटांतच, विमानतळापासून जेमतेम पाच मैलांवरच्या एका शेतात ते कोसळले. पुढे झालेल्या चौकशीत इंजिनात दोष सापडला नाही, सांगाड्यात सापडला नाही, नियंत्रणाच्या तारांतही सापडला नाही. धडधाकट विमान जवळजवळ पूर्ण वेगाने जमिनीत शिरले होते.

विमानात चौघे होते. बडी हॉली, वय २२. रिची व्हॅलेन्स, वय १७. ‘बिग बॉपर’ या नावाने गाणारे जे. पी. रिचर्डसन, वय २८. आणि वैमानिक रॉजर पीटरसन, वय २१. पहिले तिघे त्या काळच्या रॉक अँड रोल संगीतातले गाजते तारे होते. त्यांच्यावर पुस्तके निघाली, चित्रपट निघाले, १९७१ मध्ये डॉन मॅक्लीन यांचे ‘अमेरिकन पाय’ हे गाणे आले आणि या दिवसाला अमेरिकी लोकस्मृतीत पुण्यतिथीचे स्थान मिळाले. (विमानाचेच नाव ‘अमेरिकन पाय’ होते, असे आजही सांगितले जाते. ती दंतकथा आहे. विमानाला नाव नव्हते, नोंदणी क्रमांक तेवढा होता.) हा धागा मात्र मुख्यतः चौथ्या माणसाविषयी आहे, आणि त्याच्या डोळ्यांसमोर असलेल्या एका तबकडीविषयी.

आधी, हे तिघे त्या रात्री विमानात का बसले ते पाहू.

‘विंटर डान्स पार्टी’ नावाचा संगीतदौरा २३ जानेवारीला मिलवॉकी येथून सुरू झाला होता. चोवीस दिवसांत चोवीस ठिकाणी कार्यक्रम, मध्ये विश्रांतीचा एकही दिवस नाही. ठिकाणे ठरवताना नकाशा कोणी पाहिला होता की नाही, अशी शंका यावी असा तो मार्ग होता. आज पूर्वेकडे, उद्या पश्चिमेकडे, परवा पुन्हा मागे. प्रवास बसने, बसची ऊब देणारी यंत्रणा बिघडलेली, बाहेर उत्तर अमेरिकेचा भर हिवाळा. बस वाटेत बंद पडे, बदलली जाई, नवी बसही बंद पडे. ३१ जानेवारीच्या कार्यक्रमानंतर विस्कॉन्सिन-मिशिगन सीमेजवळच्या निर्मनुष्य रस्त्यावर बस अशीच अडकली. हॉलीच्या संचातील ढोलवादक कार्ल बंच याचे पाय हिमदंशाने सुजले आणि त्याला रुग्णालयात ठेवून बाकीचे पुढे निघाले.

हॉलीला या दौऱ्याची हौस नव्हती. आपल्या जुन्या सहकाऱ्यांपासून आणि व्यवस्थापकापासून तो नुकताच वेगळा झाला होता, मानधनाची रक्कम वादात अडकली होती, घरी पत्नी गरोदर होती. पैशाची गरज होती म्हणून तो आला होता. २ फेब्रुवारीला क्लिअर लेक येथील ‘सर्फ बॉलरूम’मध्ये कार्यक्रम होता आणि दुसऱ्या दिवशी मिनेसोटातील मूरहेड येथे. मधले अंतर साडेतीनशे मैलांहून अधिक. बसने म्हणजे आणखी एक रात्र कुडकुडत. त्यापेक्षा विमानाने मूरहेडच्या शेजारच्या फार्गोला उतरावे, कपडे धुऊन घ्यावेत, अंथरुणावर पाठ टेकावी, असा हॉलीचा साधा विचार होता. दरमाणशी ३६ डॉलर भाडे ठरले.

मूळ योजनेत हॉलीबरोबर त्याचे दोन साथीदार जाणार होते. त्यांपैकी वेलन जेनिंग्ज याने आपली जागा फ्लूने आजारी असलेल्या रिचर्डसनला दिली. दुसरी जागा टॉमी ऑलसप याची होती; व्हॅलेन्सने ती नाणे उडवून जिंकली. व्हॅलेन्सला विमानाची भीती वाटे, आणि त्याला कारणही होते. १९५७ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातील पकोइमा येथे दोन विमानांची आकाशात टक्कर होऊन अवशेष त्याच्याच शाळेच्या मैदानावर पडले होते. आजोबांच्या अंत्यविधीमुळे तो त्या दिवशी शाळेत गेला नव्हता, म्हणून वाचला. या योगायोगांवर आजवर इतके लिहिले गेले आहे की अपघाताचे खरे कारण त्यांच्याखाली दडून जाते. नाण्याने कोण मरणार हे ठरवले. विमान का पडले याचे उत्तर मात्र नाण्यात नाही.

विमान १९४७ साली बनलेले बीचक्राफ्ट बोनान्झा होते. इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचे शेपूट असलेले हे विमान त्या काळी खाजगी हौशी वैमानिकांमध्ये वेगवान आणि देखणे म्हणून प्रसिद्ध होते. ते ‘ड्वायर फ्लाइंग सर्व्हिस’ या स्थानिक कंपनीचे होते. या कंपनीचा परवाना दिवसा आणि रात्री उड्डाण करण्याचा होता, पण केवळ डोळ्यांनी पाहून. म्हणजे वैमानिकाला जमीन, क्षितिज, दिवे दिसत असतील तरच उडायचे. ढगात किंवा दाट हिमवृष्टीत, फक्त उपकरणांच्या भरवशावर उडण्याची परवानगी या कंपनीला नव्हती. विमानात स्वयंचलित नियंत्रक नुकताच बसवलेला होता, पण तो अद्याप चालू स्थितीत नव्हता.

रॉजर पीटरसन कंपनीत सुमारे वर्षभर नोकरीला होता. नवखा म्हणावा असा तो नव्हता. १९५४ पासून तो विमान चालवत होता, ७११ तासांचा अनुभव त्याच्या गाठीशी होता आणि त्यांतले १२८ तास बोनान्झाचेच होते. उपकरणांच्या आधारे उडण्याचे ५२ तासांचे शिक्षण त्याने घेतले होते, लेखी परीक्षाही उत्तीर्ण झाला होता. मार्च १९५८ मधल्या प्रत्यक्ष उड्डाण-परीक्षेत मात्र तो नापास झाला. त्यामुळे तशा उड्डाणाचा अधिकार त्याच्यापाशी नव्हता. ज्याला काहीच येत नाही त्याला आपल्याला येत नाही हे ठाऊक असते. पीटरसनची स्थिती याहून अवघड होती. त्याला बरेचसे येत होते.

हवामानाची चौकशी त्याने केली नाही असेही नाही. संध्याकाळी साडेपाचपासून तो वारंवार माहिती घेत होता. त्याला मिळालेले उत्तर बऱ्यापैकी आश्वासक होते : मार्गावरील विमानतळांवर ढगांची पातळी उंच, दृश्यमानता चांगली, पुढे थोडा हिमवर्षाव अपेक्षित. मधल्या काळात हवामान खात्याने दोन तातडीच्या सूचना प्रसृत केल्या होत्या. एक रात्री ११ वाजून ३५ मिनिटांनी आणि दुसरी १२ वाजून १५ मिनिटांनी. पहिल्या सूचनेत सुमारे शंभर मैल रुंदीच्या हिमपट्ट्याचा आणि दोन मैलांच्या खाली आलेल्या दृश्यमानतेचा इशारा होता, तर दुसऱ्या सूचनेत विमानावर बर्फ साचण्याचा. यांतली एकही सूचना पीटरसनच्या नजरेस आणून दिली गेली नाही. त्याने विचारले त्याचे उत्तर त्याला मिळाले. त्याने न विचारलेले आणि त्याला कळणे आवश्यक होते ते तारयंत्रावरच्या कागदात राहिले.

उड्डाणाच्या वेळी मेसन सिटीत ढगांची पातळी ३,००० फूट नोंदलेली होती, दृश्यमानता सहा मैल, दक्षिणेचा सोसाट्याचा वारा. आकडे वाचले तर यात घाबरण्यासारखे काही दिसत नाही. पण आकाश पूर्ण झाकलेले होते, बर्फ भुरभुरत होते आणि वायव्येकडे पसरलेला प्रदेश विरळ वस्तीचा, शेतीचा होता. वर चांदणी नाही, खाली दिवा नाही, आणि खालची जमीन पांढरी. अशा ठिकाणी सहा मैल दिसते म्हणजे काय दिसते? धावपट्टीचे दिवे मागे पडले की पीटरसनपुढे पाहण्यासारखे काहीच उरणार नव्हते.

कंपनीचे मालक ह्यूबर्ट ड्वायर मनोऱ्याबाहेरच्या सज्जात उभे राहून पाहत होते. विमान उठले, डावीकडे अर्धवर्तुळ घेऊन सुमारे आठशे फुटांवर आले, विमानतळाच्या पूर्वेकडून उत्तरेला गेले आणि वायव्येकडे वळले. त्याच्या शेपटीचा पांढरा दिवा स्पष्ट दिसत होता. सुमारे पाच मैलांवर गेल्यावर तो दिवा हळूहळू खाली येऊ लागला आणि दिसेनासा झाला. हवेत गेल्यावर उड्डाणाचा आराखडा कळवतो असे पीटरसन सांगून गेला होता. त्याचा संदेश आला नाही. मनोऱ्यावरून वारंवार पुकारा झाला. उत्तर नाही.

सकाळी ड्वायर स्वतः दुसरे विमान घेऊन त्याच मार्गाने निघाले. ९ वाजून ३५ मिनिटांनी त्यांना अवशेष दिसले. उजव्या पंखाचे टोक आधी जमिनीला लागले होते. तेथून ५४० फूट घरंगळत जाऊन विमानाचा चोळामोळा शेताच्या तारेच्या कुंपणाला अडकला होता. तिन्ही गायक बाहेर फेकले गेले होते, वैमानिक आतच अडकलेला होता. चौघांचाही मृत्यू आघाताच्या क्षणीच झाला होता.

उपकरणांच्या तबकड्या गोठल्यासारख्या थांबल्या होत्या आणि त्यांनी शेवटच्या क्षणाची साक्ष जपून ठेवली होती. वेगदर्शकाचा काटा ताशी १६५ ते १७० मैलांवर. चढ-उतार दाखवणारा काटा मिनिटाला ३,००० फूट उतरण्यावर. आणि स्थितिदर्शक तबकडी सांगत होती की विमान उजवीकडे ९० अंशांत कललेले आहे, नाक खाली आहे. म्हणजे बोनान्झा एका कुशीवर पूर्ण आडवे होऊन, वळत वळत, वेगाने खाली आले होते. तरीही आत बसलेल्यांना अगदी शेवटपर्यंत काही गडबड जाणवलीच नसेल, अशी दाट शक्यता आहे. हे कसे, ते समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

लहानपणी आंधळी कोशिंबीर खेळताना डोळ्यांवर पट्टी बांधून ज्याला गरगर फिरवले जाते, त्याचा अनुभव आठवावा. फिरवणे थांबले तरी आपण उलट दिशेने फिरतो आहोत असे वाटत राहते. आपल्या अंतर्कर्णात द्रवाने भरलेल्या अर्धवर्तुळाकार नलिका असतात; डोके वळले की द्रव मागे रेंगाळतो आणि मेंदूला वळण कळते. वळण बराच वेळ एकाच गतीने चालू राहिले की द्रवही त्या गतीला येतो, आणि आपण सरळ जात आहोत अशी खात्री वाटू लागते. फार हळू आलेले कलणे तर मुळात जाणवतच नाही. जमिनीवर असताना डोळे ही चूक दुरुस्त करतात. क्षितिज दिसत नसेल तर दुरुस्ती करणारे कोणी उरत नाही.

विमान किंचित कलले की नाक खाली झुकते. नाक झुकले की वेग वाढतो. वैमानिकाला वेग वाढल्याचे कळते, आपण सरळ आहोत या समजुतीने तो नाक वर ओढतो. पण विमान कललेले असल्याने त्या ओढीने चढ न मिळता वळण अधिकच आवळले जाते. भोवऱ्यात सापडलेल्या पानासारखे विमान गोल गोल खाली जाऊ लागते. इंग्रजीत या चक्राला ‘ग्रेव्हयार्ड स्पायरल’ म्हणतात, म्हणजे स्मशानाकडे नेणारे सर्पिल.

हा धोका १९५९ मध्ये कोणालाच ठाऊक नव्हता असे समजण्याचे कारण नाही. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात यावर एक प्रयोग झाला होता. उपकरणांवर उडण्याचा अनुभव नसलेल्या वीस जणांना एकेक करून हवेत नेऊन बाहेरचे दृश्य झाकण्यात आले, सोबत प्रशिक्षक होताच. विसांपैकी एकोणीस जण त्याच सर्पिलात अडकले आणि एकाने नाक इतके वर नेले की विमानाची उचलच संपली. कोणीही सुटला नाही. ताबा सुटण्यास सरासरी लागलेला वेळ १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटांनाही दोन सेकंद कमी. सर्वांत कमी वेळ २० सेकंदांचा होता. हा प्रयोग ज्या विमानात झाला तेही बोनान्झाच होते. थोड्या शिक्षणानंतर त्याच मंडळींपैकी जवळजवळ सर्वांना ढगातून सुखरूप मागे फिरणे जमू लागले. प्रयोगाचा हेतूही तोच होता.

कानावर विसंबता येत नाही म्हणूनच तर उपकरणे आली. वेगाने फिरणारा भोवरा आपला अक्ष सोडत नाही, या गुणाचा उपयोग करून स्पेरी कंपनीने कृत्रिम क्षितिज बनवले. तबकडीत एक चिमुकले विमान आणि त्यामागे क्षितिजाची आडवी रेघ. बाहेर काहीही दिसत नसले तरी आपण कललो आहोत की नाही, चढतो आहोत की उतरतो आहोत, हे त्यावरून कळते. २४ सप्टेंबर १९२९ रोजी जिमी डूलिटल याने झाकलेल्या कक्षात बसून, बाहेर न पाहता विमान उडवले आणि उतरवले, ते या उपकरणाच्या जोरावर. पुढच्या तीस वर्षांत वैमानिकांच्या पिढ्या या तबकडीवर शिकल्या. पीटरसनचे सगळे शिक्षणही तशाच तबकडीच्या विमानांवर झाले होते.

त्या रात्रीच्या बोनान्झात मात्र ‘स्पेरी एफ-३’ नावाचे वेगळे स्थितिदर्शक बसवलेले होते. त्यात रेघेऐवजी स्थिर राहणारा एक गोल होता. कलण्याची माहिती तो नेहमीसारखी देई. पण नाक वर आहे की खाली, हे तो नेहमीच्या कृत्रिम क्षितिजाच्या बरोबर उलट दाखवी. सवयीच्या नजरेने पाहणाऱ्याला उतार चढासारखा वाटावा आणि चढ उतारासारखा.

पण मग बोनान्झातले १२८ तास? ते तास डोळ्यांनी उडण्याचे होते. निरभ्र आकाशात स्थितिदर्शक तबकडीकडे कोणी निरखून पाहत नाही, पाहण्याची गरज पडत नाही. तिच्यावर पूर्ण विसंबण्याची वेळ पीटरसनवर त्या रात्री आली. चौकशी अहवालात आणखी एक बारकावा आहे. वाऱ्याच्या झोतांमुळे वळण दाखवणारे इतर काटे इतके थरथरत असावेत की अननुभवी माणसाला त्यांचा अर्थ लावणे कठीण गेले असते; वेग आणि उंची दाखवणाऱ्या काट्यांवरून विमानाची स्थिती पुरती कळत नाही. उरली एकच तबकडी, आणि नेमकी तीच उलट बोलणारी. आपण चढत्या वळणात आहोत असे पीटरसनला वाटले असावे आणि प्रत्यक्षात विमान उतरत्या वळणात असावे, असा तर्क अहवालाने मांडला.

सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्डाचा हा अहवाल सप्टेंबर १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. संभाव्य कारण म्हणून त्याने बोट ठेवले ते वैमानिकाच्या अविवेकी निर्णयावर : ज्या उड्डाणात केवळ उपकरणांवर विसंबावे लागणार हे उघड होते, ते उड्डाण पात्रता नसताना हाती घेतले. अनोळखी स्थितिदर्शक आणि हवामानाची अपुरी माहिती यांना सहायक कारणांचे स्थान मिळाले.

निष्कर्ष चुकीचा म्हणता येणार नाही. निर्णय अखेर पीटरसनचाच होता. तरीही वाक्याचा कर्ता एकच असल्यामुळे त्यातून बरेच काही सुटते. डोळ्यांनी पाहूनच उडण्याचा परवाना असलेल्या कंपनीचे विमान बर्फ पडत असलेल्या अंधाऱ्या रात्री भाड्याने निघाले, तेव्हा मालक सज्जात उभे होते. हवामानाच्या दोन सूचना टेबलावर पडून होत्या. एकाच कामाची, परस्परविरुद्ध वाचली जाणारी दोन उपकरणे बाजारात होती आणि एकावर शिकलेल्या माणसाने दुसरे वापरायला कायद्याची आडकाठी नव्हती. दौरा आखणाऱ्यांनी माणसे अशा अवस्थेला आणली होती की रात्री एक वाजता बर्फात उडणे त्यांना सुखाचे वाटावे. यांतले काही अहवालात आहे, काही त्याच्या कक्षेबाहेरचे आहे. अहवालांचा पुढे सारांश होतो, आणि त्या सारांशात उरले ते ‘वैमानिकाची चूक’ हे दोन शब्द.

त्यातच अफवा सुरू झाल्या. अपघातानंतर दोन महिन्यांनी त्याच शेतात हॉलीचे पिस्तूल सापडले आणि विमानात गोळी झाडली गेली असावी अशी कुजबुज पसरली. रिचर्डसनचे शव इतरांपेक्षा दूर, कुंपणापलीकडे मिळाले होते. तो जिवंत राहून मदत शोधायला निघाला असावा, असेही बोलले गेले. २००७ मध्ये त्याच्या मुलाच्या विनंतीवरून शवपेटी उघडण्यात आली. नामवंत न्यायवैद्यक मानवशास्त्रज्ञ बिल बास यांनी तपासणी केली. गोळीची खूण नव्हती. हाडे अशी मोडली होती की त्या अवस्थेत पाऊलभर चालणेही शक्य नव्हते.

तशाच रात्री पुढेही येत राहिल्या. मार्च १९६३ मध्ये गायिका पॅट्सी क्लाइन आणि जुलै १९६४ मध्ये गायक जिम रीव्ह्ज, दोघेही टेनेसी राज्यात लहान विमानांच्या अपघातांत गेले; दोन्हीकडे वाईट हवामान आणि अशा हवामानासाठी पुरेशी तयारी नसलेला वैमानिक. जुलै १९९९ मध्ये धूसर रात्री समुद्रावर जॉन केनेडी यांच्या मुलाचे विमान कोसळले, तेव्हाही चौकशीत दिशाभ्रम हेच कारण निघाले.

हॉलीचा जाड काळ्या चौकटीचा चष्मा बर्फ वितळल्यावर शेतात सापडला होता. तो एका पाकिटात घालून परगण्याच्या कार्यालयात ठेवला गेला आणि विस्मरणात गेला. १९८० मध्ये जुनी कागदपत्रे चाळताना तो पुन्हा हाती लागला. सोबत रिचर्डसनचे मनगटी घड्याळही होते. चष्मा आता टेक्सासमधील लबक येथे, हॉलीच्या गावच्या संग्रहालयात आहे. अपघाताच्या जागी १९८८ मध्ये पोलादाची एक गिटार आणि तीन तबकड्या उभारण्यात आल्या, तिघांसाठी तीन. पीटरसनचे स्मारक, वैमानिकाच्या पंखांच्या आकाराचे, तेथे आले ते २००९ मध्ये.

२०१५ साली एका निवृत्त वैमानिकाने या प्रकरणाची फेरचौकशी व्हावी असा अर्ज अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाकडे केला. पीटरसनने विमान वाचवण्याची शिकस्त केली असावी आणि त्याच्यावरचा ठपका पुन्हा तपासला जावा, असे त्याचे म्हणणे होते. मंडळाने अर्ज फेटाळला. १९५९ चा निष्कर्ष नोंदीत जसाच्या तसा कायम आहे.